केबलवर अर्धा तास मिळतोय, मंडळीने घ्यावा का?

नवापूर भागातल्या एका ख्रिस्ती मंडळीच्या पंचांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तालुक्याच्या केबल चॅनलने दर रविवारी सकाळी नऊ ते साडेनऊ असा अर्धा तास देऊ केला आहे. पाळकसाहेबांची इच्छा आहे, तरुण संघाची तयारी आहे. वडीलधाऱ्यांना मात्र भीती वाटते की घरात टीव्हीवर भक्ती दिसू लागली की चर्चमध्ये येणारे कमी होतील. वेळ घ्यावी का, आणि घेतली तर काय काय लागेल?

घ्यायला हरकत नाही, पण तीन अटी. रविवारची उपासना जशीच्या तशी दाखवायची नाही. कार्यक्रमात पैसे मागायचे नाहीत. आणि फोन उचलायला आणि नंतर त्या माणसाच्या घरी जायला कोण, हे नावानिशी ठरल्याशिवाय करारावर सही करायची नाही. तिसरी अट बहुतेक ठिकाणी राहून जाते. टीव्ही फक्त आवाज पोचवतो. पुढचं काम पायी करावं लागतं, आणि त्याला माणसं लागतात. तेवढी माणसं नसतील तर कॅमेऱ्याचा खर्च वाचवा.

वडीलधाऱ्यांची भीती जुनी आहे आणि खोटी नाही. १९४८ च्या नाताळात पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमधून मध्यरात्रीचा मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना, टीव्हीवर दाखवला गेला, तेव्हापासून हा वाद चालू आहे. कॅथलिक चर्चने १९६३ मध्ये प्रसारमाध्यमांचा वापर करा असं अधिकृतपणे सांगितलं, पण धडधाकट माणसाने टीव्हीवर मिस्सा पाहिला म्हणजे रविवारचं कर्तव्य झालं, असं कधी मानलं नाही. आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना आधार म्हणून तो ठीक आहे. प्रोटेस्टंट मंडळ्यांत नियम वेगळे असले तरी प्रभुभोजन पडद्यातून देता येत नाही, हे बहुतेकांना मान्य आहे. २०२० च्या टाळेबंदीत ईस्टर घरात बसून करावा लागला, तेव्हा मोबाइलवरची उपासना गरज होती. आता ती सवय होऊ द्यायची नाही. म्हणून पहिलं काम सोपं आहे: रविवारी सकाळी नऊची वेळ नाकारा. स्वतःच्याच उपासनेशी स्पर्धा करणारी वेळ घेणं हा शुद्ध तोटा आहे. जे माणूस चर्चला येतंच, त्याच्यासाठी केबलला पैसे देण्यात अर्थ नाही. अंथरुणाला खिळलेल्यांसाठी उपासनेचं साधं रेकॉर्डिंग व्हॉट्सअॅपवर पाठवा, तेवढं पुरतं.

मग वेळ कुठली? संध्याकाळी सात ते रात्री साडेनऊ मालिकांची वेळ, ती महागही असते आणि रिमोट घरातल्या बायकांच्या हातात असतो. सकाळी आठनंतर बाया निंदणीला, कापूस वेचायला निघालेल्या असतात. खानदेशात संध्याकाळी सहा ते साडेसहा बरी. माणसं शेतावरून परतलेली असतात, चहा चाललेला असतो आणि मालिका सुरू व्हायच्या असतात. त्याच भागाचं पुनर्प्रसारण दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला मिळालं तर म्हातारी माणसं पाहतात. पुनर्प्रसारण बहुतेक ऑपरेटर थोड्या पैशांत किंवा फुकट देतात, फक्त आधी मागावं लागतं.

त्याआधी केबल नेमकी कुठवर जाते ते पाहा. भुसावळ, जळगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर, नंदुरबार, नवापूर या गावांत केबल आहे. पण तुमच्या मंडळीचे निम्मे लोक ज्या पाड्यांवर राहतात तिथे केबलची तार नाही. तिथे घराच्या पत्र्यावर डीडी फ्री डिशची छत्री आहे, आणि तिच्यावर तुमच्या तालुक्याचं चॅनल दिसत नाही. म्हणून ऑपरेटरला ‘किती प्रेक्षक’ असं विचारू नका, तो मोठा आकडा सांगेल. कुठल्या गावात किती चालू सेट-टॉप बॉक्स आहेत, हे विचारा आणि त्यातल्या तीन गावांत स्वतःच्या ओळखीच्या घरी जाऊन चॅनल लागतं का, चित्र अडकतं का, आवाज येतो का ते पाहा. एकूण खर्च चालू बॉक्सच्या संख्येने भागला की दर घरामागे किती पडतात ते कळेल. स्थानिक चॅनलची टीआरपी कोणी मोजत नाही. पुढे यशाचं मोजमाप फोनच्या वहीतूनच होणार आहे.

अक्राणी, अक्कलकुवा आणि नवापूरच्या डोंगराळ भागासाठी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. दिवाळीनंतर कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला बारडोली आणि सुरतेकडे जातात आणि बरीचशी होळीच्या सुमारास किंवा त्यानंतर परततात. त्या काळात घराला कुलूप असतं, टीव्ही बंद असतो, पण मोबाइल सोबत असतो. म्हणून केबलचा करार जून ते ऑक्टोबर असा करणं शहाणपणाचं आहे. उरलेल्या महिन्यांत त्याच भागांचा आवाज कापून दहा-बारा मिनिटांच्या फाइली करा आणि मोबाइलवर पाठवा. ऊसतोडीच्या पडावावर, म्हणजे मजुरांच्या तळावर, नेटवर्क नसतं. जाताना मेमरी कार्डात भरून दिलेलं गाणं आणि संदेश तिथे जास्त ऐकले जातात.

सॅटेलाइट चॅनलवर वेळ विकत घ्यावी का, असंही विचारलं जातं. धार्मिक वाहिन्यांवर पहाटेची अर्ध्या तासाची वेळ विकत मिळते, आणि त्यातली एखादी वाहिनी फ्री डिशवरही असू शकते. पण तुम्ही देशभराचे पैसे भरता आणि तुम्हाला हवा असतो फक्त तापीचा पट्टा. नागपूरहून फोन आला तर तुम्ही भेटायला जाणार नाही. सगळ्या महाराष्ट्रातल्या मंडळ्यांनी मिळून करायचं ते काम आहे, एका तालुक्याच्या मंडळीचं नाही.

आता कायद्याकडे. इथे गडबड झाली तर केबलवाल्याचं चॅनल बंद होतं आणि मंडळी कायमची अडचणीत येते. तालुक्याची चॅनलं सरकारी भाषेत ‘प्लॅटफॉर्म सर्व्हिस’ म्हणून ओळखली जातात. ३० नोव्हेंबर २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार एमएसओने, म्हणजे स्थानिक ऑपरेटरांना सिग्नल पुरवणाऱ्या मोठ्या केबल कंपनीने, असं प्रत्येक चॅनल माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या पोर्टलवर नोंदवायचं असतं आणि दाखवलेल्या सगळ्याचं रेकॉर्डिंग ९० दिवस जपायचं असतं. करारापूर्वी नोंदणीची प्रत मागा. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

कार्यक्रमाच्या मजकुराला केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ मधला सहावा नियम लागू होतो. कुठल्याही धर्मावर किंवा समाजावर हल्ला करणारं, धार्मिक गटांविषयी तुच्छतेने बोलणारं दृश्य किंवा वाक्य चालत नाही. अंधश्रद्धेला उत्तेजन देणारंही चालत नाही. १९९५ च्या केबल कायद्याच्या कलम १९ नुसार जिल्हाधिकारी, प्रांत किंवा पोलीस आयुक्त हे अधिकृत अधिकारी कार्यक्रम थांबवू शकतात. यापलीकडे भारतीय न्याय संहितेची १९६ (गटांत वैर वाढवणं) आणि २९९ (मुद्दाम धार्मिक भावना दुखावणं) ही कलमं आहेत. पण नियमावर बोट ठेवून मजकूर लिहायचा नसतो. एक साधी कसोटी पुरते: शेजारच्या घरातले, कानबाई या खानदेशी देवीचं रोट करणारे काका हा भाग आपल्या मुलाबाळांसोबत बसून पाहू शकतील का? ‘त्यांची दैवतं’, ‘मूर्ती’, ‘अंधार’ असे शब्द व्यासपीठावर सवयीने येतात. संकलनात ते सापडले तर तो तुकडाच काढा, बीप लावू नका. बीप ऐकून माणूस नसलेलं वाक्यही कल्पनेने भरतो.

सगळ्यात मोठा धोका चमत्काराच्या साक्षींचा आहे. ‘प्रार्थना केली आणि कॅन्सर गेला’ हे वाक्य सभेत कोणी श्रद्धेने बोललं तर तो त्याचा अनुभव झाला. तेच वाक्य तुम्ही पडद्यावर, खाली फोन नंबर देऊन दाखवलं की त्याची जाहिरात होते. चमत्कारी उपायाने आजार बरा होतो अशा जाहिरातींवर बंदी घालणारा औषधे व चमत्कारी उपाय कायदा १९५४ चा आहे. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत तथाकथित चमत्कार दाखवून पैसे मिळवणं आणि अशा चमत्कारांचा प्रसार करून लोकांना फसवणं हे स्पष्ट लिहिलेलं आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, कार्यक्रम पाहून एखाद्या बाईने टीबीच्या गोळ्या बंद केल्या तर त्याचा जाब मंडळीलाच द्यावा लागेल. म्हणून लेखी नियम करा: आजार बरा झाल्याची साक्ष दाखवायची नाही. आजारपणात देवाने धीर कसा दिला, दवाखान्यात कोण सोबत बसलं, कर्जाच्या काळात मंडळीने काय केलं, या साक्षी घ्या. त्या ऐकायलाही जास्त खऱ्या वाटतात.

एक बारीक पण महागात पडणारा फरक. वर सांगितलेल्या केबल नियमावलीतल्या सातव्या नियमानुसार धार्मिक हेतूची जाहिरात केबलवर दाखवता येत नाही. म्हणजे धार्मिक कार्यक्रम चालतो, पण त्याच चॅनलवर दिवसभर खाली फिरणारी ‘भव्य प्रार्थना सभा, सर्वांचे स्वागत’ अशी पट्टी अडचणीत आणू शकते. सभेची वेळ सांगायची तर कार्यक्रमाच्या आत सांगा.

करारपत्र दोन पानांचं असलं तरी लेखी हवं. त्यात वार आणि वेळ, पुनर्प्रसारण, वीज गेल्यामुळे किंवा चॅनलच्या चुकीमुळे हुकलेला भाग पुन्हा दाखवायची हमी, मजकुरात परस्पर काटछाट न करण्याची अट आणि लगेच आधी-नंतर कुठल्या जाहिराती लागणार नाहीत हे लिहून घ्या. शेवटचं हसण्यावारी नेऊ नका. प्रार्थनेच्या आमेननंतर दुसऱ्या सेकंदाला वशीकरणवाल्या बाबाचा नंबर झळकणं हा स्थानिक चॅनलवरचा नेहमीचा प्रकार आहे. दरावर १८ टक्के जीएसटी धरा. पैसे रोख देऊ नका. पंचांचा ठराव, ट्रस्टच्या खात्यातून चेक आणि पावती. धर्मादाय आयुक्तांकडे जाणाऱ्या हिशेबात हा खर्च दिसायला हवा. परदेशी देणगी यात वापरायची असेल तर आधी सीएला विचारा, कारण एफसीआरएचा, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखाली आलेला, पैसा ठरलेल्या कामासाठीच वापरता येतो, आणि बातम्या किंवा चालू घडामोडींचे कार्यक्रम बनवणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी घेताच येत नाही. म्हणून ‘तालुक्याच्या बातम्या’ असा भाग कार्यक्रमात घालण्याचा मोह टाळा.

पैसे का मागायचे नाहीत? अमेरिकेत जिम बेकर हा धर्मोपदेशक टीव्हीवरून देणग्या गोळा करत मोठा झाला, आणि १९८९ मध्ये फसवणुकीत दोषी ठरला. पडद्यावरून पैसा येऊ लागला की कार्यक्रम पैशाला वाकतो. आपल्याकडे दुसरंही कारण आहे. पडद्यावर क्यूआर कोड दिसला की पाहणारा लगेच ठरवतो, ‘हं, म्हणजे यासाठी’. खर्च मंडळीने वर्गणीतून आधी उभा करायचा. तेरा भागांचे, म्हणजे तीन महिन्यांचे, पैसे खात्यात जमा असल्याशिवाय पहिला भाग प्रसारित करायचा नाही.

भाग हातात तयार असणंही तितकंच गरजेचं. सुरू करण्याआधी सहा भाग पूर्ण तयार हवेत. नाहीतर चौथ्या आठवड्यात पाळकसाहेब तापाने पडतात, संकलन करणाऱ्या पोराची परीक्षा येते, आणि जुना भाग पुन्हा लागतो. थेट प्रक्षेपण करूच नका. वीज जाते, तोंडून गेलेला शब्द कापता येत नाही, आणि इंटरनेट ऐन वेळी दगा देतं.

अर्ध्या तासाच्या वेळेत जाहिराती सोडून साधारण २७-२८ मिनिटं मिळतात. त्यात चाळीस मिनिटांचा रविवारचा संदेश कोंबता येत नाही आणि कोंबूही नये. संदेश दहा-अकरा मिनिटांचा, एकाच मुद्द्यावर, लेन्सकडे पाहून, खुर्चीवर बसलेल्या एका माणसाशी बोलल्यासारखा. व्यासपीठावरचा चढा आवाज घरातल्या खोलीत ओरडल्यासारखा वाटतो. सुरुवातीला लोगो, उगवता सूर्य, कबुतर अशी मिनिटभराची पट्टी लावू नका. रिमोटवरचं बोट वीस सेकंद थांबलं तर पुष्कळ. पहिल्याच वाक्यात माणसाच्या घरातली गोष्ट असावी: कपाशीला भाव नाही, पोराचं लग्न जमत नाही, घरात दारू आहे. त्यानंतर एक गाणं, साडेतीन मिनिटं. मग संदेश. मग पाच-सहा मिनिटं कुणाच्याही कामाची माहिती: सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी कुठे होते, आदिवासी वसतिगृहाचे अर्ज कधी निघतात, साप चावल्यावर काय करायचं नाही. सातपुड्याच्या पट्ट्यात सिकलसेल हा घराघरातला विषय आहे, डॉक्टर किंवा आरोग्यसेविका बोलली तर सगळ्या जातीधर्माची माणसं थांबून पाहतात. उरलेल्या वेळात एक छोटी मुलाखत आणि दीड मिनिटाची प्रार्थना.

भाषा कुठली, यावर पंचांत वाद होतोच. निर्णय प्रेक्षक पाहून घ्या. अमळनेर, धुळे, साक्री पट्ट्यात मुलाखत आणि गाणं अहिराणीत, संदेश सोप्या मराठीत. नवापूरला मावचीत बोलणारं माणूस हवंच. पाळकसाहेबांची मातृभाषा नसेल तर त्यांनी ओढूनताणून अहिराणी बोलू नये, लोक हसतात. ती बोलणारा तरुण किंवा एखादी बहीण समोर बसवा. गावच्या बाया पाळकांपेक्षा कॅमेऱ्यासमोर कितीतरी सहज बोलतात.

कीर्तनाचा विचार जरूर करा. मराठी ख्रिस्ती मंडळीत ही परंपरा आहे, आणि टाळ, पेटी, निरूपण हे पडद्यावर भाषणापेक्षा खूप चांगलं दिसतं. नारायण वामन टिळक १९१९ मध्ये वारले, त्यामुळे त्यांच्या भजनांच्या शब्दांवर आता कॉपीराइट नाही. पण त्याच भजनाची बाजारात असलेली ध्वनिमुद्रिका वाजवलीत तर तिचे हक्क वेगळे. स्वतःच्या कोयरने गाऊन स्वतः ध्वनिमुद्रित करा. सिनेमाच्या चालीवर बसवलेली भक्तिगीतं मात्र बाहेर ठेवा. उपासनेत कोणी विचारत नाही, प्रसारणात आणि यूट्यूबवर दावा येतो. शास्त्रवचन पडद्यावर लिहून दाखवताना भाषांतर कोणाचं ते लिहा. लांब उतारे दाखवायचे असतील तर बायबल सोसायटीची परवानगी घ्या.

आता यंत्रसामग्री. इथे तरुण संघ कॅमेऱ्यावर सगळे पैसे घालतो आणि आवाज विसरतो. खरं तर चित्र जरा मळकं असलं तरी लोक पाहतात, आवाज घुमला की चॅनल बदलतात. बजेट कमी असेल तर आहे तो चांगला मोबाइल आणि ट्रायपॉड वापरा, आणि पैसे दोन कॉलर माइक, एक छोटा रेकॉर्डर आणि दोन एलईडी दिव्यांवर घाला.

पत्र्याच्या छताच्या चर्चमध्ये आवाज घुमतो, कारण पत्रा, फरशी आणि प्लास्टर या तिन्हींवरून तो परततो. बोलणाऱ्याच्या मागे नव्हे, कॅमेऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना गोधड्या किंवा सतरंज्या दोरीवर टांगा, खाली जाजम घाला. फरक लगेच ऐकू येतो. कॉलर माइक हनुवटीखाली एका वितीवर, साडीच्या पदराला किंवा मफलरला घासणार नाही असा. आवाजाची पातळी साधारण उणे १२ डेसिबलच्या आसपास राहावी, सर्वांत मोठा आवाजही उणे ६ च्या वर जाऊ नये. चर्चच्या मिक्सरमधून आवाज घ्यायचा असेल तर मुख्य आउटपुट घेऊ नका, त्यात हॉलसाठी केलेले चढउतार असतात. ऑक्झिलरी आउट (मिक्सरची वेगळी जोडणी) घ्या आणि तो फेडरच्या, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्टीच्या, आधीचा ठेवा. मुद्रण ४८ किलोहर्ट्झवर करा. आणखी एक नेहमीची चूक: एकच माइक डाव्या चॅनलवर मुद्रित होतो, हेडफोनवर चालून जातं, पण घरी टीव्हीच्या एकाच स्पीकरमधून आवाज येतो किंवा केबलच्या मोनोत तो अर्धा होतो. संकलनात दोन्ही बाजूंना सारखा करा आणि शेवटी मोनोत ऐकून बघा.

एप्रिल-मे मध्ये भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ ला टेकतो. पंखे लावले की माइकमध्ये घरघर, बंद केले की माणूस घामाने निथळतो आणि मोबाइल तापून मध्येच बंद पडतो. उपाय एकच: चित्रीकरण सकाळी साडेसहा ते नऊ. सोमवार ते शुक्रवार कुठलाही दिवस, रविवार नाही. एका सकाळी दोन भागांचे संदेश उरकतात, फक्त शर्ट किंवा साडी बदलायची. विजेवर विसंबू नका. दिवे आणि रेकॉर्डर इन्व्हर्टरवर चालवा, कॅमेरा बॅटरीवर. जनरेटर लावायचाच असेल तर इमारतीच्या पलीकडे.

प्रकाशात सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे वेदीमागची खिडकी. तिच्यासमोर उभ्या माणसाचा चेहरा काळा पडतो. खिडकीला जाड पडदा लावा किंवा माणसाला फिरवून ती खिडकी बाजूला घ्या. मुख्य दिवा चेहऱ्याच्या एका बाजूला, डोळ्यांच्या थोडा वर, ४५ अंशात. दुसरा मंद, दुसऱ्या बाजूला. ट्यूबलाइट बंद करा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, म्हणून शटर १/५० किंवा १/१०० ठेवा, नाहीतर एलईडी दिव्यांत पट्टे सरकताना दिसतात. फ्रेम दर २५. मोबाइल स्वतःहून ३० वर असतो, तो बदलायला विसरला की केबलवर हालचाल अडखळते.

बरीच स्थानिक चॅनलं अजून एसडीत, म्हणजे ७२० बाय ५७६ मध्ये चालतात, आणि जुन्या टीव्हीत कडा कापल्या जातात. म्हणून अक्षरं चारही बाजूंनी दहा टक्के आत ठेवा. नावाची पट्टी मोठ्या, जाड युनिकोड फॉन्टमध्ये. श्रीलिपी किंवा कृतीदेवमध्ये टाइप केलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की ‘प्रभू’च्या जागी काहीतरी अगम्य येतं, आणि ते तसंच प्रसारित झालेलं लोक वर्षभर सांगतात. फाइल एमपी४, एच.२६४, एक हजार ऐंशी रेषांची, १५ ते २० मेगाबिट वेगाची. चॅनलला दुसरं काही हवं असेल तर त्यांच्याकडून लेखी घ्या. पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, कारण फॅट३२ वर चार जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. प्रसारणाच्या तीन दिवस आधी द्या, दोन प्रतींत. पाठवण्यापूर्वी मंडळीबाहेरच्या एका माणसाला पूर्ण भाग दाखवा. सगळ्यात उपयोगी सूचना तिथूनच येतात.

माणसांची परवानगी. साक्ष किंवा मुलाखत देणाऱ्याकडून लेखी संमती दोनदा घ्या, एकदा बोलण्यापूर्वी आणि एकदा तयार तुकडा त्याला दाखवून. चर्चमध्ये बोललेलं आणि गावाने पाहिलेलं यांत फरक आहे. डोंगरपाड्यात एकट्या कुटुंबाची साक्ष प्रसारित झाली तर दुसऱ्या दिवशी पाण्याच्या टाकीवर त्यांना ऐकून घ्यावं लागतं. बाप्तिस्मा आणि प्रभुभोजनाच्या रांगेतले चेहरे दाखवूच नका. मुलांचं चित्रण आईबापांच्या संमतीशिवाय नको. वसतिगृहातल्या किंवा बालगृहातल्या मुलांची ओळख दाखवण्यावर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ चं बंधन आहे, तिथे ‘देणगीदारांना दाखवायचंय’ ही सबब चालत नाही. एचआयव्ही असलेल्या कुणाचंही नाव, गाव, चेहरा नाही.

आता फोन. एकच नंबर, वेगळं सिम, पाळकसाहेबांचा वैयक्तिक नंबर नको. पडद्यावर शेवटी पंधरा सेकंद आणि मध्ये एकदा दाखवा. प्रसारणाच्या वेळी आणि नंतरचे दोन तास दोन माणसं बसवा, त्यात एक बाई हवीच. बरेच फोन बायकांचे असतात आणि त्या पुरुषाशी घरातलं बोलत नाहीत. मिस्ड कॉल आला की दहा मिनिटांत उलट फोन. वहीत पाच रकाने पुरतात: तारीख, नाव, गाव, काय हवं, पुढे कोण जाणार. धर्माचा रकाना नको.

फोन कशाबद्दल येतील ते आधीच माहीत असावं. आजार, नवऱ्याची दारू, कर्ज, पळून गेलेली मुलगी, जादूटोण्याचा संशय आणि अधूनमधून जीव द्यायचा विचार. प्रार्थना करा, पण फोनजवळ भिंतीवर नंबर चिकटवलेले असू द्या: मानसिक त्रासासाठी टेलिमानस १४४१६, मुलांसाठी १०९८, महिलांसाठी १८१, तातडीसाठी ११२. जीव देण्याची भाषा ऐकली तर फोन ठेवायचा नाही, दुसऱ्या माणसाने दुसऱ्या फोनवरून जवळच्या ओळखीच्याला गाठायचं. आजाऱ्याला जवळचं सरकारी रुग्णालय सांगा. नवापूरकडच्यांना चिंचपाड्याचं ख्रिस्ती रुग्णालय माहीत असतंच. औषध बंद करा, असं मंडळीतल्या कोणीही कधीही म्हणायचं नाही, हे त्या दोघांना पहिल्या दिवशीच सांगा. शिवीगाळ करणारे फोनही येतील. ‘तुमचं म्हणणं पंचांना सांगतो’ एवढं बोलून ठेवून द्या, वाद घालू नका, आणि तारखेनिशी नोंद करा.

भेट सात दिवसांत. एकटं जायचं नाही, बाईने बोलावलं असेल तर बाई सोबत. हातात कपडे, धान्य, वह्या काहीही न्यायचं नाही, त्यातून आमिषाचा आरोप उभा राहतो. घरच्यांना नको असेल तर उंबऱ्यावरून परत फिरायचं.

तेरा भाग झाल्यावर पंचांनी वही घेऊन बसायचं. किती फोन, किती वेगवेगळी गावं, किती घरी भेट झाली आणि किती राहिल्या. फोन पुष्कळ आणि भेटी राहिलेल्या असतील तर पुढचे तीन महिने प्रसारण थांबवा आणि आधी राहिलेली घरं पुरी करा. फोनच नसतील तर वेळ बदलून सहा भाग पाहा. तरीही नसतील तर केबल सोडा, दिवे-माइक विकू नका. तेच सामान गाण्यांच्या आणि संदेशांच्या आवाजी फाइलींना लागेल, आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्यांची मेमरी कार्डं सप्टेंबरपासूनच भरायला घ्यावी लागतात.